लाइनआउट संपला कधी?

रग्बीच्या मैदानावर चुन्याने आखलेल्या रेषा पुष्कळ असतात. पण ज्या रेषेवरून सगळ्यात जास्त वाद होतात, ती कोणीच आखलेली नसते. ऑफसाइडची, म्हणजे जिच्या पुढे उभ्या असलेल्याला खेळात भाग घेता येत नाही ती, ही रेषा खेळाबरोबर सरकते. कधी ती चेंडूतून जाते, कधी कोणाच्या तरी टाचेतून जाते, आणि लाइनआउटच्या वेळी, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमधून परत आत फेकताना, तर अशा अनेक रेषा एकाच क्षणी जिवंत असतात. एडिनबरोला स्थायिक झाल्यावर मी हौसेने स्थानिक क्लबांच्या खालच्या गटातील सामन्यांत पंच म्हणून उभा राहू लागलो, आणि नियमपुस्तकातील कोणते पान सर्वात मळले आहे असे कोणी विचारले, तर मी लाइनआउटचेच पान उघडून दाखवीन. ही रेषा कुठे आहे हे पाठ करता येते. ती कधीपर्यंत आहे हे मात्र दर वेळी नव्याने ठरवावे लागते, आणि माझ्या मते लाइनआउटच्या ऑफसाइडची सगळी अडचण या एका 'कधीपर्यंत'मध्ये साठलेली आहे.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे मांडतो. मुंबईत शिकत असताना बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाबाहेरून पावसाळ्यात चालणारे रग्बीचे सामने मी पाहिले होते, पण ती चिखलातली धक्काबुक्की नेमक्या कोणत्या शिस्तीने चालते, याचा तेव्हा पत्ता लागला नव्हता. चेंडू टचलाइनबाहेर, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या रेषेबाहेर, गेला, की ज्या जागी तो गेला तेथून मैदानात एक काल्पनिक रेघ काढली आहे असे समजायचे आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन्ही संघांतील खेळाडूंनी समांतर रांगा करायच्या. या रांगा टचलाइनपासून 5 मीटर आणि 15 मीटर अंतरावरील रेषांच्या दरम्यान असाव्या लागतात आणि दोन रांगांमध्ये एक मीटरची मोकळी फट ठेवावी लागते. रांगेत प्रत्येक संघाचे किमान दोन खेळाडू हवेत. जास्तीत जास्त किती हे चेंडू फेकणारा संघ ठरवतो, समोरच्यांनी कमी ठेवले तर चालतात, जास्त ठेवता येत नाहीत. फेकणारा, जो बहुधा हुकर असतो, चेंडू त्या फटीतून सरळ टाकतो. उंच उडणाऱ्याला त्याचे दोन साथीदार मांडीला आणि कमरेखाली धरून वर उचलतात, आणि हवेत ज्याचा हात आधी पोहोचेल त्याचा चेंडू.

रांगेतील खेळाडू, फेकणारा, त्याच्यासमोर उभा राहिलेला प्रतिस्पर्धी आणि रांगेपासून दोन मीटरवर चेंडू घ्यायला थांबलेला एकेक खेळाडू, एवढेच लोक लाइनआउटमध्ये 'सहभागी' धरले जातात. बाकी सगळ्यांनी त्या काल्पनिक रेघेपासून आपापल्या बाजूला 10 मीटर मागे राहायचे असते. गोलरेषा त्याहून जवळ असेल तर गोलरेषेमागे. म्हणजे दोन्ही संघांमध्ये मिळून 20 मीटरची मोकळी पट्टी तयार होते. आजच्या रग्बीत बचावाच्या भिंती इतक्या घट्ट झाल्या आहेत, की आक्रमण करणाऱ्यांना इतकी मोकळी जागा दुसरीकडे सहसा मिळत नाही. या पट्टीसाठीच लाइनआउटच्या ऑफसाइडचा सगळा खटाटोप चालतो. बचाव करणाऱ्याला ती लवकरात लवकर ओलांडायची असते आणि आक्रमण करणाऱ्याला ती शक्य तितका वेळ टिकवायची असते.

सहभागी खेळाडूंची रेषा वेगळी असते आणि ती मधेच बदलते. चेंडू कोणाला किंवा जमिनीला लागेपर्यंत त्यांना त्या काल्पनिक रेघेच्या पलीकडे पाय टाकता येत नाही. चेंडूसाठी उडी घेताना तोल जाऊन पलीकडे गेलेल्याला मात्र, तो लगेच परतला तर, माफी असते. चेंडू एकदा कोणाला लागला, की रेघ विझते आणि चेंडू हीच रेषा होते. मागे 10 मीटरवर थांबलेल्यांना मात्र या बदलाशी काही देणेघेणे नसते. त्यांची रेषा लाइनआउट संपेपर्यंत हलत नाही. एकाच क्षणी, एकाच पंचाने, एकाच चेंडूकडे पाहताना हे दोन हिशेब वेगवेगळे ठेवायचे असतात.

मोठ्या सामन्यांत साहाय्यक पंच असतात. जवळचा फेकणाऱ्याचे पाय पाहतो, पलीकडच्या टचलाइनवरचा मागे उभ्या असलेल्या खेळाडूंचे अंतर पाहतो. आमच्याकडे पंच एकटाच असतो, आणि झेंडा घेऊन उभा राहिलेला माणूस बऱ्याचदा एखाद्या क्लबचा राखीव खेळाडू किंवा कोणाचे तरी वडील असतात. मी बहुधा रांगेच्या शेवटाकडे उभा राहतो. तिथून मधली फट दिसते, उडणारे हात दिसतात आणि मान थोडी वळवली तर मागचे खेळाडूही दिसतात. मी एक हात आडवा पसरून धरतो आणि लाइनआउट चालू असेपर्यंत तो खाली करत नाही. या हाताकडे बचावाच्या पहिल्या दोघा-तिघांचे डोळे असे लागलेले असतात, की जणू शर्यत सुटायची आहे. त्यातला एखादा चुळबुळ करत अर्धा पाय पुढे सरकवतो, मी नुसते पाहिले की मागे घेतो, आणि माझी नजर रांगेकडे वळली की पुन्हा सरकवतो. वयाची चाळिशी ओलांडलेले, एरवी अत्यंत सभ्य गृहस्थ हे करतात.

लाइनआउट संपण्याचे मार्ग नियमात दिलेले आहेत. चेंडू, किंवा चेंडू घेतलेला खेळाडू, रांगेतून बाहेर पडला की तो संपतो. चेंडू टचलाइन आणि 5 मीटरच्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात आला तरी संपतो. 15 मीटरच्या रेषेपलीकडे गेला तरी संपतो. वरच्या वर झेललेला चेंडू उडणाऱ्याने खाली, चेंडू घ्यायला थांबलेल्या स्क्रमहाफकडे टाकला, तर काही प्रश्नच नाही. सगळ्यांना दिसते, हात खाली जातो, खेळ सुटतो. अडते ते रांगेतच मॉल तयार झाल्यावर. चेंडू घेऊन खाली उतरलेल्याला त्याचे साथीदार बिलगतात, समोरचे त्यांना भिडतात, आणि तो घोळका ढकलाढकली करू लागतो. नियम म्हणतो, की अशा मॉलमधील सगळ्या खेळाडूंचे सगळे पाय त्या काल्पनिक रेघेच्या पलीकडे गेले, तरच लाइनआउट संपला. सगळे पाय. दहा-बारा माणसे म्हणजे वीस-चोवीस पाय, चिखलाने एकाच रंगाचे झालेले मोजे, आणि रेघ तर मुळात नाहीच. ती पंचाने टचलाइनवरच्या झेंड्यावरून मनात ओढायची. त्या गर्दीत मागे राहिलेल्या एखाद्या प्रॉपची एक टाच त्या रेघेवर असेल, तर लाइनआउट जिवंत आहे आणि मागच्यांनी 10 मीटरवरच थांबायचे आहे. ती टाच उचलली गेली की त्याच क्षणी रेषा मॉलच्या सर्वात मागच्या पायाशी येते आणि सगळे धावत पुढे येऊ शकतात.

कसलेले संघ हे ओळखून असतात. मॉल थोडा सरकवायचा, पण शेवटचा पाय रेघेवरून उठू द्यायचा नाही. म्हणजे बचावाचे मधल्या फळीतील खेळाडू लांबच अडकून राहतात आणि चेंडू अचानक बाहेर काढला तर पुढे मोकळे रान मिळते. बचाव करणारे उलट खटपट करतात, ते त्या घोळक्याला मुद्दाम थोडे हलू देतात, जेणेकरून लाइनआउट लवकर संपावा. मला या सगळ्या खेळात हा भाग सर्वात बुद्धीचा वाटतो, आणि प्रेक्षकांतील फार थोड्यांना तो दिसतो, कारण सगळे चेंडू कुठे आहे ते शोधत असतात.

लांब फेकीची गंमत आणखी वेगळी आहे. चेंडू 15 मीटरच्या पलीकडे फेकला जाणार असेल, तर फेकणाऱ्याच्या हातातून तो सुटताक्षणी त्याच्या संघातील मागचे खेळाडू पुढे धावू शकतात, आणि ते धावले की समोरचेही धावू शकतात. परंतु चेंडू प्रत्यक्षात 15 मीटर ओलांडून गेला नाही, तर आधी धावलेला ऑफसाइड ठरतो. इथे समुद्रावरून येणारा वारा कधी अचानक पडतो, कधी अचानक उठतो. हुकरने इमानदारीने लांब फेकलेला चेंडू वाऱ्याने अडवला, रांगेतल्या शेवटच्याने तो झेलला, आणि मैदानाच्या मधून पूर्ण वेगाने निघालेला सेंटर, म्हणजे मागच्या फळीतला खेळाडू, समोरच्यांना पेनल्टी देऊन बसला, असे मी पाहिले आहे आणि शिट्टीही वाजवली आहे. त्या मुलाने काय चुकीचे केले, हे त्याला सांगणे कठीण होते. त्याने सुरुवात केली तेव्हा तो बरोबर होता. चेंडू खाली आला तेव्हा तो चुकलेला होता.

यापेक्षाही खोल पाणी आहे ते मॉल होऊच न देण्याच्या डावपेचात. मॉल होण्यासाठी चेंडू घेतलेला खेळाडू, त्याला बिलगलेला एक साथीदार आणि त्याला धरणारा एक प्रतिस्पर्धी असे तिघे लागतात. मग एखाद्या हुशार प्रशिक्षकाच्या लक्षात येते, की प्रतिस्पर्धी म्हणून आपण हातच लावला नाही तर मॉल होणारच नाही. चेंडू झेलणारा खाली उतरतो, साथीदार त्याला वेढतात, तो सवयीप्रमाणे चेंडू मागे उभ्या असलेल्याकडे सरकवतो. आणि समोरची रांग मात्र नुसती बाजूला होऊन उभी राहते. आता मॉल नाही, म्हणून मॉलचे नियम नाहीत. चेंडू मागच्याच्या हातात आहे आणि त्याचे साथीदार त्याच्या पुढे आहेत, म्हणजे ते सगळे चेंडूच्या पुढे उभे राहून वाट अडवणारे ठरतात. जगभरच्या पंचांना यावर मार्गदर्शन द्यावे लागले. बचाव करणारे घोळक्याने रांग सोडून निघून गेले तर पेनल्टी त्यांच्यावर. त्यांनी रांग न सोडता केवळ जागा मोकळी केली, आणि आक्रमकांनी चेंडू लगेच मागे दिला, तर पंचाने चेंडू बाहेर काढायला सांगायचे. तरीही ते तसेच पुढे रेटत राहिले, तर अनवधानाने झालेला ऑफसाइड धरून समोरच्यांना स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या पुढच्या फळ्यांनी भिडून चेंडूसाठी करायची झुंज, द्यायचा. चेंडू सर्वात पुढच्याच्याच हातात राहिला, तर मात्र खेळ चालू.

कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला हे लवकर उमगते. चढाई करणारा आणि बचाव करणारे यांच्यात झटापट होईपर्यंत लॉबीत पाय पडला तर तो बाद. एकदा अंगाला अंग लागले, की तीच लॉबी मैदान होते. लाइनआउटमध्येही जमीन तीच असते, स्पर्शाने तिचा कायदा बदलतो. बचावाचा एक खेळाडू घोळक्याला वळसा घालून मागच्याला टॅकल करायला धावतो. कोणी कोणाला हात लावलेला नसेल, तर रेषा चेंडूतून जाते आहे, तो आपल्या बाजूने निघाला आहे, आणि त्याची धाव बिनतक्रार आहे. त्याच्या एखाद्या साथीदाराने एक तळहात जरी घट्ट रोवला असेल, तर मॉल झाला आहे, रेषा मागच्या पायाशी गेली आहे, आणि तीच धाव, त्याच वेगाची, त्याच वाटेने केलेली, पेनल्टी आहे. आणि पंचाला हे दोन प्रसंग वेगळे ओळखायला मिळतो एका श्वासाइतका वेळ.

एवढे सगळे सांगण्याचे कारण 18 ऑक्टोबर 2015 ची लंडनमधल्या ट्विकनमची संध्याकाळ. एडिनबरोत राहून त्या संध्याकाळीबद्दल न ऐकता राहता येत नाही. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, स्कॉटलंड आणि ऑस्ट्रेलिया. स्कॉटलंडला या सामन्यात फारसे कोणी मोजत नव्हते. पण शेवटच्या दहा मिनिटांत मार्क बेनेटने समोरच्यांचा पास मधेच पकडून ट्राय केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला, आणि 34-32 अशी आघाडी झाली. पाऊस लागला होता, चेंडू निसरडा झाला होता. दोनच मिनिटे उरली असताना स्कॉटलंडला आपल्याच भागात लाइनआउट मिळाला. पुढच्या टोकाला सुरक्षित चेंडू घेऊन तो पोटाशी दाबून ठेवता आला असता. त्यांनी रांगेच्या शेवटाला लांब फेक केली. चेंडू हाती बसला नाही. स्कॉटलंडच्याच खेळाडूकडून तो पुढे उडाला, ऑस्ट्रेलियाचा स्क्रमहाफ निक फिप्स त्याच्यावर झेपावला, आणि पुढे उभ्या असलेल्या स्कॉटलंडच्या जॉन वेल्शच्या हातात तो येऊन पडला. दक्षिण आफ्रिकेचे पंच क्रेग जुबेर यांनी वेल्शला ऑफसाइड ठरवून पेनल्टी दिली. ऑस्ट्रेलियाच्या बर्नार्ड फोलीने ती किक मारून तीन गुण मिळवले, 35-34, आणि सामना संपताच जुबेर कोणाशी हात न मिळवता धावत आत निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेने निवेदन काढले. जुबेर यांनी लावलेले कलम 11.7 होते: संघसहकाऱ्याकडून चेंडू पुढे निसटल्यावर पुढे असलेल्या खेळाडूने तो खेळला, तर तो ऑफसाइड. निवेदनाने म्हटले, की लावायला हवे होते कलम 11.3(क): प्रतिस्पर्ध्याने हेतुपुरस्सर चेंडूला हात लावला, की पुढे असलेला खेळाडू ऑनसाइड होतो. चेंडूला मधे फिप्सचा स्पर्श झाला होता, म्हणून वेल्श निर्दोष. योग्य निर्णय म्हणजे मूळ चुकीसाठी, म्हणजे चेंडू हातातून पुढे निसटल्याबद्दल, ऑस्ट्रेलियाला स्क्रम. आणि त्या वेळच्या शिष्टाचाराप्रमाणे अशा निर्णयासाठी दूरचित्रवाणीवरच्या पंचाकडे जाण्याची मुभाच जुबेर यांना नव्हती, हेही त्यात नमूद होते.

आजवर या प्रसंगावर जे काही बोलले गेले त्यात जवळजवळ सगळे फिप्सच्या हाताबद्दल आहे. मला त्याच्या आधीची पायरी जास्त खुणावते. निवेदनात दाखवलेली दोन्ही कलमे मोकळ्या खेळाची आहेत. लाइनआउटचे कलम त्या काळच्या पुस्तकात 19 वे होते (2018 साली पुस्तक नव्याने लिहिले गेल्यापासून ते 18 वे झाले आहे), आणि त्यात ऑफसाइडचे स्वतःचे नियम होते. म्हणजे जुबेर यांनी आणि त्यांना चूक ठरवणाऱ्यांनी, दोघांनीही एक गोष्ट बिनबोभाट मान्य केली होती, की चेंडू वेल्शकडे पोहोचण्यापूर्वी लाइनआउट संपलेला होता. त्या पुस्तकाप्रमाणे चेंडू रांगेतून फेकला, उडवला किंवा लाथाडला जाऊन बाहेर पडला की लाइनआउट संपत असे, त्यामुळे ही मान्यता बरोबरच आहे असे मला वाटते. पण क्षणभर उलट धरून पाहा. चेंडू अजून रांगेतच घोटाळत असता, तर सहभागी खेळाडूंची रेषा चेंडूतून जात असती, चेंडूच्या पुढे जाऊन खेळात ढवळाढवळ करणारा सहभागी खेळाडू तिथल्याच नियमाने दोषी ठरू शकला असता, आणि चर्चा फिप्सच्या हातावरून हलून भलतीकडेच गेली असती. चिखलात, पावसात, दोन हात एका चेंडूवर असताना कुठल्या तरी पळात एक नियम संपून दुसरा सुरू झाला, आणि जुबेर यांना तो पळ ओळखून, मग निसटलेला चेंडू ओळखून, मग फिप्सचा स्पर्श ओळखून, आणि मग त्या स्पर्शामागचा हेतूही ओळखून शिट्टी तोंडात घालायची होती.

त्या 'हेतुपुरस्सर'बद्दल माझी तक्रार आहे. फिप्स चेंडूसाठीच झेपावला होता, त्यामुळे त्याचा हेतू होता असे मानणे योग्यच. पण मैदानावर हेतू दिसत नाही. दिसतो तो हात, आणि तोही कधी कधी. माझ्यासारख्याला तर पुष्कळदा तोही दिसत नाही, मग चेंडूची दिशा बदलली का, यावरून अंदाज करावा लागतो. चेंडू फिप्सच्या अंगाला नुसता लागला असता तर वेल्श दोषी, त्याने हात पुढे केला म्हणून वेल्श निर्दोष. आणि वेल्शला स्वतःला तर यातले काहीच करायचे नव्हते, त्याच्याकडे चेंडू आला आणि त्याने तो धरला. नियमाची बाजू मला समजते. विरोधकाने चेंडू खेळायचे ठरवले की त्याला ऑफसाइडचे संरक्षण राहू नये, हे न्याय्यच आहे. तरीही हा न्याय सातआठ कॅमेऱ्यांतून, हवी तितकी वेळ उलटसुलट फिरवून पाहणाऱ्याला जमणारा आहे.

शेवटच्या मिनिटांतल्या लाइनआउटवर सामना फिरण्याची ती काही पहिली खेप नव्हती. 11 नोव्हेंबर 1978 रोजी कार्डिफ येथे वेल्स 12-10 ने पुढे असताना न्यूझीलंडचा अँडी हेडन लाइनआउटमधून कोणी ढकलल्यासारखा बाहेर कोसळला. ते ठरवून केलेले नाटक होते. पंच रॉजर क्विटेंटन यांनी पेनल्टी दिली आणि न्यूझीलंडने 13-12 ने सामना जिंकला. आपण हेडनला भुललो नाही, वेल्सच्या जेफ व्हीलने फ्रँक ऑलिव्हरच्या खांद्याचा आधार घेतला त्याबद्दल ती पेनल्टी होती, असे क्विटेंटन पुढे कायम सांगत राहिले. वेल्समध्ये ते कोणी मानत नाही. ती पेनल्टी मारणारा ब्रायन मॅककेकनी आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांनाही ठाऊक असायला हरकत नाही: 1 फेब्रुवारी 1981 रोजी मेलबर्नला शेवटच्या चेंडूवर षटकार हवा असताना ज्याला ट्रेव्हर चॅपेलने सरपटी चेंडू टाकला, तो फलंदाज हाच. नियमाच्या काठावरचा एक प्रसंग त्याच्या बाजूने पडला आणि दुसरा त्याच्या अंगावर आला.

जुबेर हे काही नवशिके नव्हते. 2011 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांनीच सांभाळला होता. त्यांचे धावत आत निघून जाणे मला आजही पटत नाही. हरलेल्या संघाच्या कर्णधाराशी हात मिळवणे हे पंचाच्या कामाचाच भाग आहे आणि ते त्याने, बाटल्या आल्या तरी, करायला हवे. पण वर्ल्ड रग्बीने चोवीस तासांत एका निर्णयाचे जाहीर शवविच्छेदन केले, तेही मला तितकेच खटकले. त्या विश्वचषकात पंचांचे आणखीही वादग्रस्त निर्णय झाले असतील. एका संघाचा गहिवर मोठा म्हणून एकच निर्णय निवडून त्यावर पत्रक काढणे यात न्यायापेक्षा आग विझवण्याची घाई जास्त होती. मी स्वतः खालच्या गटाचा पंच असल्यामुळे हे मत एकतर्फी असू शकते, हे मान्य. आमच्या निर्णयांवर कोणी पत्रक काढत नाही; मैदानाबाहेर चहा पिताना दोन माणसे तोंडावर काय ते बोलतात आणि विषय संपतो.

शेजारच्या घरातले आजोबा तरुणपणी स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या बॉर्डर्स भागातल्या एका क्लबकडून दुसऱ्या फळीत खेळलेले आहेत, आणि त्यांच्याशी या विषयावर मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही. त्यांचे म्हणणे साधे आहे: वर्ल्ड रग्बीने स्वतःच चूक कबूल केली, म्हणजे सामना आमचा होता. मी त्यांना सांगतो, की निवेदनात तसे कुठेच नाही. बरोबर निर्णय झाला असता तरी चेंडू ऑस्ट्रेलियाकडेच गेला असता, कारण मूळ चूक स्कॉटलंडची होती. स्कॉटलंडच्या भागात ऑस्ट्रेलियाचा स्क्रम, हातात एक-दीड मिनिट, अंतर दोन गुणांचे. अशा स्क्रममधून आणखी एक पेनल्टी निघणे किंवा फोलीने ड्रॉपगोल, म्हणजे चालू खेळातच खांबांमधून किक, मारणे ही काही अशक्य गोष्ट नव्हती. त्याच वेळी त्या दिवशी फोलीने पाचपैकी तीन कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतर जादा गुणांसाठीच्या किका, घालवले होते आणि स्कॉटलंडचा बचाव जिवावर उदार होऊन उभा होता, हेही खरे. आजोबा ऐकून घेतात, आणि मग मूळ मुद्द्यावर येतात: तो चेंडू मागे फेकायचाच कशाला, पुढच्या टोकाला द्यायचा आणि जमिनीवर निजायचे, तेव्हा पंचाला ठरवायला काही उरतच नाही. यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही, कारण हुकरला हे सांगायला मैदानावर स्कॉटलंडचे आणखी चौदा जण होते.